रंग सगळ्यात शेवटी

जुन्नर-आंबेगावातल्या कुठल्याही वस्तीवर जा, गोठ्याच्या मागे नाहीतर पत्र्याच्या पडवीत एखादा जुना ट्रॅक्टर उभा दिसतोच. टायर बसलेले, सीट उंदरांनी कुरतडलेली, बॉनेटवर कोंबड्या. घरात नवा, मोठा ट्रॅक्टर आला आणि याचं काम संपलं. तरी भंगारवाल्याच्या ताब्यात द्यायला घरच्या म्हाताऱ्यांचा जीव झाला नाही, कारण बैलांनंतर शेतात उतरलेलं पहिलं यंत्र हेच होतं. आता त्याच घरातली पुढची पिढी, पुण्यातली नोकरी संपवून गावी परतलेली माणसं, कृषी पर्यटन करणारे तरुण या ट्रॅक्टरांकडे पुन्हा वळू लागले आहेत.

छंद चांगला आहे. पस्तीस हॉर्सपॉवरच्या जुन्या डिझेल इंजिनात संगणक नाही, सेन्सर नाही. जे आहे ते डोळ्यांना दिसतं, हाताला लागतं, कानाला कळतं. पण बहुतेक जण सुरुवात रंगापासून करतात. ट्रॅक्टर धुतात, पॉलिशपेपर मारतात, लालभडक रंग देतात, नवी स्टिकरं लावतात, दसऱ्याला हार घालतात. आणि दिवाळीपर्यंत तो पुन्हा पडवीत जातो, कारण रंगाखालचं इंजिन होतं तसंच असतं. म्हणून या लेखात मला मुख्यतः क्रमाबद्दल सांगायचं आहे. आधी कागद, मग इंजिन हाताने फिरवून बघणं, मग डिझेल, मग पाणी आणि ऑइल, मग ब्रेक आणि स्टिअरिंग, आणि रंग अगदी शेवटी. हा क्रम चुकला की तेच काम दोनदा करावं लागतं आणि पैसेही दोनदा जातात.

कोणता घ्यावा

घरचाच ट्रॅक्टर असेल तर प्रश्न मिटला. विकत घ्यायचा असेल तर आपल्याकडे हाती लागणारी घराणी मोजकीच आहेत. मद्रासच्या टॅफे कंपनीची मॅसी फर्ग्युसन १०३५ सहज मिळते. तिचं तीन सिलिंडरचं सिम्पसन इंजिन मूळ पर्किन्सच्या रचनेचं. दुसरा इंटरनॅशनल बी-२७५. महिंद्र, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये मिळून कंपनी काढली, १९६५ पासून हा चार सिलिंडरचा ट्रॅक्टर मुंबईला बनू लागला, आणि १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रमध्ये सामावली. म्हणून काहींच्या बॉनेटवर इंटरनॅशनल लिहिलेलं दिसतं, काहींच्या महिंद्र. फरिदाबादचा आयशर १९५९ पासूनचा, वाऱ्यावर थंड होणाऱ्या इंजिनाचा. पिंजोरच्या एचएमटीने १९७१ पासून झेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या रचनेवर ट्रॅक्टर काढले. पंजाबातला स्वराज १९७४ चा, त्याचा आराखडा दुर्गापूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेत तयार झालेला. त्याशिवाय एस्कॉर्ट्स, फोर्ड ३०००, आणि क्वचित नाशिकला बनलेला किर्लोस्कर किंवा पूर्व युरोपातून आयात झालेला उर्सुस, बेलारूस.

पहिल्यांदाच हात घालणाऱ्याने मॅसी १०३५ घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. त्या इंजिनाचं कुळ अजून चालू आहे. रिंगा, लायनर, पाण्याचा पंप, गॅसकेट, क्लच प्लेट हे सगळं नारायणगाव, आळेफाटा, मंचरच्या दुकानांत मागितलं की मिळतं किंवा दोन दिवसांत येतं. बी-२७५ त्याच्या खालोखाल. आयशर साधा आहे आणि रेडिएटरची कटकट नाही, पण त्याच्या सिलिंडरवरच्या पंख्यांत चिकटलेला चिखल आणि भुसकट काढायची सवय हवी, नाहीतर तो तापून बसतो. दुर्मीळ ट्रॅक्टर दुसऱ्या खेपेला घ्यावा. भोसरीच्या लेथवाल्यांकडून बुश, पिन, शाफ्ट करून मिळतो. तडा गेलेला ब्लॉक किंवा हरवलेलं हायड्रॉलिकचं झाकण कोणी करून देत नाही. जुने दिवे, मीटर, पाने यांसाठी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी एक चक्कर मारावी.

इंजिन जाम असलं तरी चालेल, पण ट्रॅक्टर पूर्ण असावा. टॉप लिंक नाही, लिफ्टचे हात नाहीत, डायनामो कोणी नेला, पंप दुसऱ्याला लावला, असा अर्धवट सांगाडा स्वस्तात पडला तरी तो पुढे महागात जातो. बघताना गिअरबॉक्सच्या केसिंगवर आणि पुढच्या ॲक्सलच्या आधारावर वेल्डिंगच्या खुणा शोधा. मागच्या रिमा आतून गंजल्या आहेत का तेही बघा. वजनासाठी टायरमध्ये पाणी भरायची पद्धत आपल्याकडे आहे, आणि तेच पाणी वर्षानुवर्षं व्हॉल्व्हच्या भोकापासून रिम खात बसतं.

कागद

पाना उचलण्याआधी आरसी बुक मागा. त्यावरचे इंजिन आणि चासीचे नंबर लोखंडावर कोरलेल्या नंबरांशी जुळतात का, हे ब्रशने माती काढून, उजेडात, स्वतः वाचा. चाळीस-पन्नास वर्षांत इंजिन बदललेलं असणं अजिबात नवल नाही. कागदावर ते नोंदलं गेलं नसेल तर नाव बदलताना तुम्ही अडकता. आपले दोन्ही तालुके आज पिंपरी-चिंचवड आरटीओकडे, म्हणजे एमएच-१४ मध्ये येतात. जुन्या ट्रॅक्टरवर एमएच-१२ किंवा त्याही आधीचा तीन अक्षरी नंबर असेल तर त्याची नोंद ऑनलाइन चढली आहे का, याची आधी आरटीओत चौकशी करा.

पंधरा वर्षं झाली की ट्रॅक्टर भंगारात द्यावाच लागतो, ही अफवा गावोगाव फिरते. ती खरी नाही. शेतीचा ट्रॅक्टर वाहतुकीच्या वाहनांत मोडत नाही. त्याची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून ती पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. नूतनीकरण बरीच वर्षं राहिलं असेल तर दंड किती बसेल ते सौद्याआधी विचारून किमतीत धरा.

खरा गुंता बोजाचा आणि वारसांचा. त्या काळातले कितीतरी ट्रॅक्टर भूविकास बँकेच्या किंवा जिल्हा बँकेच्या कर्जावर घेतलेले. कर्ज फिटलं, पण आरसीवरची बँकेची नोंद कोणी काढलीच नाही, असं सर्रास आढळतं. भूविकास बँक तर अवसायनात गेली. तिच्या थकबाकीदारांचं कर्ज राज्य सरकारने २०२२ मध्ये माफ केलं. बेबाकीचा दाखला आणि फॉर्म ३५ ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे, ती पूर्ण झाल्याशिवाय सगळी रक्कम देऊ नका. ट्रॅक्टर आजोबांच्या नावावर असेल आणि ते हयात नसतील, तर आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० ने तुमच्या नावावर. चुलत्यांच्या सह्या आज गोडीत मिळतात. ट्रॅक्टर चालू झाल्यावर मिळतीलच असं नाही. घरचा असेल तरी हे करून घ्या, आणि किमान थर्ड पार्टी विमा उतरवा.

पहिला आठवडा चावी लावायची नाही

ट्रॅक्टर दारात आला की घरच्यांना तो लगेच सुरू झालेला बघायचा असतो. कोणीतरी नवी बॅटरी आणतो, कोणीतरी दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढायचं सुचवतो. दोन्ही टाळा. वर्षानुवर्षं बंद इंजिनात रिंगा लायनरला चिकटलेल्या असतात, वॉल गाइडमध्ये अडकलेले असतात, आणि सायलेन्सरमधून पावसाचं पाणी थेट सिलिंडरपर्यंत गेलेलं असू शकतं. ओढून फिरवलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, पुशरॉड मोडतात, आणि किरकोळ दुरुस्तीचं फुल इंजिन होतं.

आधी ऑइलचा ड्रेन बोल्ट सावकाश सैल करा. पहिल्यांदा पाणी आलं तर थांबून विचार करायचा: हेड गॅसकेट गेलं आहे, लायनरची सील गेली आहे, की नुसतं पावसाचं पाणी आहे? मग वॉल कव्हर काढा. रॉकर खाली दाबून प्रत्येक वॉल परत वर येतो का बघा. नोझल काढा, त्यांच्या भोकांतून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं डिझेल आणि पातळ ऑइल मिसळून सोडा, आणि भोकं स्वच्छ कापडाने झाका. रोज थोडं थोडं घाला. चार-पाच दिवसांनी क्रँकच्या पुढच्या नटाला लांब पाना लावून आधी थोडं पुढे, मग थोडं मागे, असं हलवून बघा. केसभर हललं तरी काम झालं. उरलेलं वेळ करतो. तरीही हललं नाही तर हेड काढावं. लांब नळी लावून जोर करण्यात शहाणपणा नाही.

फिरायला लागल्यावर नवं ऑइल, नवा फिल्टर. नोझल अजून बाहेरच, डिझेल बंद करायची ओढणी ओढलेली. आता सेल्फ मारा आणि ऑइल प्रेशरचा काटा उचलेपर्यंत फिरवत राहा, पण एका वेळी पंधरा सेकंदांच्या वर नाही. मध्ये सेल्फला मिनिटभर थंड होऊ द्या. नोझलच्या भोकांसमोर कोणी उभं राहायचं नाही, आतलं सगळं फवाऱ्यासारखं बाहेर येतं. काटा उचलला नाही तर इंजिन सुरू करायचंच नाही.

डिझेल

जुना ट्रॅक्टर सुरू होत नाही तेव्हा बहुतेक वेळा दोष डिझेलच्या वाटेत असतो. टाकीपासून सुरुवात करा. ती उतरवा, तळाचा काळा गाळ काढा, थोडं डिझेल आणि मूठभर नटबोल्ट घालून खळखळून धुवा, आणि ते नटबोल्ट मोजून बाहेर काढा. टाकी गळत असेल तर घरच्या घरी वेल्डिंग करू नका. रिकाम्या टाकीतली वाफ पेट घेते; ते काम टाकी वाफेने धुणाऱ्या रेडिएटरवाल्याकडेच द्या. मग गाळाची वाटी, दोन्ही फिल्टर, सगळ्या रबरी नळ्या आणि जोडांवरचे तांब्याचे वायसर नवे टाका. वायसरला फार पैसे पडत नाहीत, पण जुनं वायसर पुन्हा वापरलं की आठवडा वाया जातो.

आता हवा काढायची. मॅसी, बी-२७५, फोर्ड यांच्यावर बहुधा सीएव्हीचा गोल डीपीए पंप असतो. फिल्टरवरचा एअर स्क्रू सैल करा आणि फीड पंपाचा हातातला दांडा हलवा. दांडा मऊ लागला, दाबच येत नाही असं वाटलं, तर पंप खराब म्हणू नका. आतला कॅम उंच जागी थांबलेला असतो. इंजिन एक फेरा फिरवा, दांडा लगेच जड लागेल. फिल्टरच्या स्क्रूतून आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. तो आवळा. मग पंपाच्या अंगावरचे दोन स्क्रू, आधी खालचा, मग वरचा, त्याच पद्धतीने. शेवटी नोझलवरच्या पाइपांचे नट अर्धा फेरा सैल करून, ॲक्सिलेटर पूर्ण ओढून सेल्फ मारायचा. प्रत्येक नटाखालून डिझेल टपकलं की एकेक आवळत जायचं. दोन नट आवळेपर्यंत इंजिन बहुधा धडधडायला लागतं.

सुरू झालं आणि पाच मिनिटांत बंद पडलं, पुन्हा हवा काढली, पुन्हा बंद पडलं, असं झालं की टाकी ते फीड पंप एवढाच भाग तपासा. तिथल्या फटीतून डिझेल गळत नाही, उलट हवा आत खेचली जाते. म्हणून बाहेर थेंबही दिसत नाही आणि माणूस भलत्या जागी शोधत बसतो.

डीपीए पंपाला स्वतःचं ऑइल नाही. त्यातून जाणारं डिझेलच त्याचं वंगण. म्हणून त्यात पाणी गेलं किंवा कोणी रॉकेल मिसळलं की आतला रोटर खरवडतो. हा पंप गावात उघडू नका. काढताना फ्लँज आणि केसिंगवर एक रेघ ओढून ठेवा म्हणजे टायमिंग चुकणार नाही, आणि टेस्ट बेंच असलेल्या पंप-नोझलवाल्याकडे द्या. एचएमटी, स्वराज यांसारख्यांवर मायकोचा सरळ पंप असतो. त्यात प्रत्येक सिलिंडरचा वेगळा एलिमेंट आणि पंपाचं स्वतःचं ऑइल. ते ऑइल बदलायचं बहुतेकांच्या लक्षातच राहत नाही.

मॅसीवाल्यांनी एक खूण कायम ध्यानात ठेवावी. दर वापराआधी ऑइलचा गेज काढा, पुसा, बुडवा, आणि नाकाशी धरा. ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढली असेल आणि डिझेलचा वास येत असेल, तर पंपाच्या शाफ्टची सील गेली आहे आणि डिझेल चेंबरमध्ये उतरतंय. बेअरिंगं त्याने जातात. त्याहून वाईट म्हणजे पातळी फार चढली की इंजिन तेच पातळ ऑइल ओढून घेतं आणि ओढणी ओढूनही बंद होत नाही, चढत्या वेगाने पळत सुटतं. अशा वेळी हवा तोडणं हा एकच उपाय: एअर क्लीनरच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरा, हात नाही. ती फळी पहिल्यांदा सुरू करताना जवळ ठेवलेलीच बरी.

एक सिलिंडर मरतोय असं वाटलं तर चालू इंजिनावर एकेका नोझलचा नट किंचित सैल करा. आवाज पडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर तोच मेलेला. हे करताना जाड हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. नोझलमधून डिझेल शंभर किलोच्या वर दाबाने सुटतं. त्याची बारीक धार कातडीखाली शिरली तर जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवावा लागू शकतो. लगेच दवाखाना गाठा, वाट बघू नका.

हाफ इंजिन की फुल

आता धूर बघा. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. आधी एअर क्लीनर बघा. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा, डोळ्यांना झोंबणारा, थंड असतानाच येणारा धूर न जळलेल्या डिझेलचा; इंजिन तापल्यावरही पांढरी वाफ येत राहिली आणि रेडिएटरचं पाणी कमी होत गेलं तर हेड गॅसकेट. ब्रीदर इंजिनच्या ठोक्यावर फुंकत असेल तर रिंगा-लायनर गेले, म्हणजे हाफ इंजिन. तापल्यावर ऑइलचा काटा खाली बसत असेल तर क्रँकच्या बेअरिंगांपर्यंत जावं लागेल, म्हणजे फुल इंजिन.

माझा सल्ला असा: छंदासाठी चालणाऱ्या ट्रॅक्टरला थोडा निळा धूर चालतो. पण तापल्यावर ऑइल प्रेशर नसणं चालत नाही. सकाळी लवकर सुरू होतोय, पाणी पीत नाही, प्रेशर टिकतंय, तर इंजिन उघडू नका. वॉल ग्राइंडिंग, नोझल, नवं ऑइल एवढ्यावर तो तुमच्या हलक्या कामाला वर्षानुवर्षं पुरेल. उघडायचंच झालं तर क्रँक मोजल्याशिवाय बेअरिंगं विकत घेऊ नका, आणि इंजिन बसवल्यावर काही तासांनी हेडचे नट पुस्तकातल्या क्रमाने पुन्हा आवळा.

इथे जुन्या मिस्त्रीची गरज लागते. लॅपटॉप लावून दोष शोधणारी मुलं हुशार आहेत, पण कानाला लांब पेचकस लावून कुठलं टॅपेट वाजतंय हे सांगणारी माणसं आता साठी-सत्तरीची आहेत. आळेफाट्याच्या, मंचरच्या गॅरेजांत ती अजून भेटतात. ट्रॅक्टर त्यांच्याकडे सोडून येऊ नका. मजुरी पूर्ण द्या आणि शेजारी बसून काम बघा, विचारा, वहीत लिहून घ्या. अवसरीच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातली किंवा आयटीआयमधली दोन मुलं सोबत नेता आली तर फारच उत्तम.

एअर क्लीनर जुन्या ट्रॅक्टरवर ऑइलबाथ असतो. खालची वाटी काढा, चिखल झालेलं ऑइल फेका, खुणेपर्यंतच नवं भरा. बेल्हे, आणे, लोणीकडच्या कोरड्या पट्ट्यात कुळवाची पाळी घालताना धूळ इतकी उडते, की वाटी रोज बघावी.

रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी घालू नका. क्षार ब्लॉकमध्ये थर धरतात. पावसाचं साठवलेलं पाणी किंवा कूलंट मिसळलेलं शुद्ध पाणी घाला. इंजिन तापलं असताना झाकण उघडायचं नाही आणि थंड पाणी ओतायचं नाही, हेडला तडा जातो. ऑइल पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, जुन्या इंजिनांना सहसा २०डब्ल्यू-४० चालतं.

ब्रेक आधी, वेग नंतर

इंजिन चालू झाल्याच्या आनंदात ब्रेक न बघताच ट्रॅक्टर रस्त्यावर काढला जातो. मागच्या ॲक्सलची ऑइल सील गळत असेल तर लायनर ऑइलने भिजलेले असतात आणि पेडल कितीही दाबलं तरी ट्रॅक्टर थांबत नाही. दोन्ही ब्रेक सारखे लागतात का ते मोकळ्या रानात बघा. डांबरीवर जाण्याआधी दोन्ही पेडलं एकत्र जोडणारी कडी लावलीच पाहिजे, नाहीतर एकच चाक धरतं आणि ट्रॅक्टर उलटतो. स्टिअरिंगचा ढिलेपणा, पुढच्या ॲक्सलच्या मधल्या पिनचा बुश, किंगपिन, हे सगळं पुढचं चाक जॅकवर उचलून हलवून बघायचं. लिफ्टची परीक्षा सोपी: कुळव उचला, इंजिन बंद करा. तो क्षणात खाली आला तर आतल्या सिलिंडरची सील बदलायची.

सेल्फच्या वायरिंगशी कोणी खेळलेलं असेल तर ते आधी मुळावर आणा. जमिनीवर उभं राहून सेल्फवर पेचकस टेकवून ट्रॅक्टर सुरू करायची पद्धत गावोगाव आहे, आणि ती जीव घेते. गिअर पडलेला असला तर इंजिन धरताक्षणी मागचं चाक सुरू करणाऱ्याच्याच अंगावर येतं. सीटवर बसून, न्यूट्रल बघून, क्लच दाबून सुरू करा.

जुन्या ट्रॅक्टरला वर लोखंडी संरक्षक चौकट नाही. पीटीओच्या शाफ्टवरचं झाकण हमखास हरवलेलं असतं; मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला नऊ फेरे घेणारा तो शाफ्ट उपरणं, पदर किंवा सैल शर्टाचं टोक धरतो तेव्हा सोडवायला वेळच मिळत नाही. झाकण नवं घ्या, त्यात कंजुषी नको. ओढायचं काहीही खालच्या ड्रॉबारलाच बांधा. टॉप लिंकच्या जागी साखळी बांधून फसलेली ट्रॉली ओढायला गेलं की पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे उलथतो. कुकडीच्या कालव्याची कड, विहिरीचा काठ, पश्चिमेकडच्या खाचरांचे बांध, इथे चाकाची एक फूट चूक पुरते. आणि मडगार्डवर कोणालाही बसवायचं नाही. नातवालासुद्धा नाही.

एवढं झाल्यावर रंग. ग्रीस आणि तेल रॉकेलने पूर्ण काढा, गंज तारेच्या ब्रशने, मग रेड ऑक्साइड, मग मूळ छटेचा रंग. रंगाची मूळ छटा टूलबॉक्सच्या आत किंवा बॅटरीच्या पट्टीखाली शाबूत सापडते, तीच दुकानदाराला दाखवा. इंजिन नंबरच्या पट्टीवर, ग्रीस निपलांवर, रबरी नळ्यांवर रंग येऊ देऊ नका. आयशरच्या पंख्यांवर जाड रंग देऊच नका, उष्णता बाहेर पडत नाही.

मग चालवायचा

उभा ट्रॅक्टर खराब होतो, हे खरं आहे. पण नुसता दारात पाच मिनिटं सुरू करून बंद करणंही त्याला मारक आहे. इंजिन पूर्ण तापत नाही, आतला ओलावा आतच राहतो, नोझलवर काजळी धरते. पंधरा दिवसांतून एकदा तासभर खरं काम द्या: शेणखताची ट्रॉली, वैरण, हलक्या रानात कुळवाची पाळी, बाजरीच्या आधीची फणणी. इंजिन नवं केलं असेल तर पहिले पन्नास तास निम्म्या-पाऊण भाराचंच काम, मग ऑइल बदला. रोटाव्हेटर लावू नका. ते नव्या ट्रॅक्टरचं काम आहे, आणि पन्नास वर्षांच्या पीटीओ क्लचवर तो भार टाकणं अन्याय आहे. डिंभ्याच्या वर, आहुपे-भीमाशंकरच्या पट्ट्यात भाताच्या चिखलणीलाही जुना ट्रॅक्टर उतरवू नये. चिखलाचं पाणी ब्रेक आणि क्लचच्या घरात शिरतं. उसाच्या कडेचं काम दिवस मावळायच्या आत आटपा. जुन्नरमध्ये बिबट्याची भीती खरी आहे, आणि जुन्या ट्रॅक्टरचे दिवे मिणमिणते.

पावसाळ्यापूर्वी टाकी काठोकाठ भरा म्हणजे आत दव धरणार नाही. सायलेन्सरच्या तोंडावर डबा उपडा घाला. बॅटरीची वायर सोडा, सगळ्या निपलांत ग्रीस मारा, क्लच पेडल दाबून लाकडी ठोकळा अडकवा म्हणजे प्लेट फ्लायव्हीलला चिकटत नाही. ट्रॅक्टर फळ्यांवर उभा करा, ओल्या मातीत टायर कुजतात. ऑक्टोबरमध्ये उघडीप मिळाली की गाळाच्या वाटीतलं पाणी काढा, गिअरबॉक्सच्या ऑइलचा रंग बघा. दुधाळ झालं असेल तर बदला. ठोकळा काढा, इंजिन हाताने दोन फेरे फिरवा, मगच चावी लावा. पहिल्या दिवशी ट्रॉली रिकामीच न्या आणि उतारावर दोन-तीनदा ब्रेक तपासून घ्या.